संग्रहालयाची नोकरी आणि पळसाचा महिना

प्रश्न लातूर जिल्ह्यातल्या एका तरुण चित्रकार मुलीचा आहे. थोडक्यात असा: "झाडं, शेंगा, माती, वाळकी पानं हे माझ्या कामाचे विषय. वर्षभरापासून एका लहान संग्रहालयात कंत्राटावर सहायक आहे. नोंदी, लेबलं, शाळांच्या सहली यात दिवस जातो आणि घरी आल्यावर हात चालत नाही. त्यात आता तिथल्या वस्तूंचे आकार माझ्या चित्रांत शिरायला लागलेत. ही चोरीच ना? नोकरी सोडू का? शिवाय साहेब म्हणतात, आपल्याच दालनात तुझं प्रदर्शन लावू. लावू का?"

नोकरी सोडू नकोस, निदान या कारणासाठी तरी नको. पण रोज संध्याकाळी दोन तास चित्र काढायचं, असलं वेळापत्रक भिंतीवर लावलं असशील तर ते काढून टाक. बँकेत किंवा तहसीलात काम करणाऱ्या माणसाचं डोकं थकतं, नजर शिल्लक राहते. तुझी नजरच पगारावर लागलेली आहे. दिवसभर खापराचा काठ, मण्याचं भोक, कापडाचा उसवलेला धागा बघून आल्यावर रात्री पुन्हा त्याच बारकाईनं शेंग बघायला बसलीस, तर हात चालणार नाहीच. यात आळस नाही. तास वाटून हे भागत नाही, ऋतू वाटून घ्यावे लागतात.

आपल्याकडच्या संग्रहालयाचं वर्ष कसं जातं ते आठव. दिवाळी झाली की सहली सुरू होतात, जानेवारी संपेपर्यंत दालनात पाय ठेवायला जागा नसते. फेब्रुवारीपासून साठ्याची पडताळणी, बिलं, उरलेलं अनुदान खर्ची टाकायची घाई, की आला मार्चअखेर. एप्रिल-मेमध्ये बाहेर बेचाळीस अंश, आत चिटपाखरू नाही. जूनपासून छताची गळती आणि बुरशीवर पाळत. आता बाहेरचं वर्ष बघ. हुरड्याचे दिवस सहलींच्या गर्दीत जातात. पळस फुलतो तो नेमका मार्चअखेरच्या तोंडावर, पांगारा आणि काटेसावर त्याच्या मागेपुढे. श्रावण-भाद्रपदात माळावर गवतं येतात, बांधाला तरवड पिवळा होतो, तेव्हा तू कपाटांत ओल मोजत असतेस.

टक्कर खरी एकाच ठिकाणी आहे: पळस आणि मार्चअखेर. कंत्राटी माणसाला किरकोळ रजा मोजक्याच मिळतात, त्या लग्नांत उडवू नकोस. पळसाचे चार दिवस डिसेंबरातच अर्ज देऊन मागून ठेव. त्या दिवसांत पूर्ण चित्र काढायच्या भानगडीत पडू नये. अभ्यासचित्रं, रंगांच्या पट्ट्या, झाडाखाली पडलेली फुलं, एवढंच घेऊन यायचं. फुलाची पाकळी ताजी असताना कशी असते आणि दुसऱ्या दिवशी कडेनं कशी काळवंडते, हे नंतर फोटोवरून कळत नाही.

चित्र पुरं करायचे महिने म्हणजे एप्रिल आणि मे. संग्रहालय रिकामं, नजर थोडी मोकळी, पहाटे पाच ते आठ घरात बऱ्यापैकी गारवा. हवा एवढी कोरडी असते, की ओल्यावर ओला रंग सोडायचा म्हटलं तर कुंचला रंगात बुडवून परत येईतो कागद वाळलेला असतो. म्हणून उन्हाळ्यात रेषेचं काम, कोरड्या कुंचल्याचं काम, अपारदर्शक मातीचे रंग. पसरते पातळ थर पावसाळ्यासाठी राखून ठेव. हवाच काम वाटून देते, आपण तिच्याशी हुज्जत घालायची नाही.

तुझी सुट्टी सोमवारी असेल, बहुतेक संग्रहालयांची असते. चित्रकार मित्रांची प्रदर्शनं रविवारी उघडतात आणि तू सहलीच्या रांगा लावत असतेस, ही खंत राहणारच. पण सोमवारी नायगावच्या मयूर अभयारण्यात किंवा येडशीच्या रामलिंगला जाऊन बघ. रविवारची गर्दी ओसरलेली असते.

एक आडवाट घेते. निसर्गचित्र म्हटलं की आपल्याकडची मुलं अजून हिरवे डोंगर, धबधबा आणि कौलारू घर काढतात. ते कोकणाचं कॅलेंडर. २०१६ साली लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं, त्या उन्हाळ्यातला उघडा माळ, भेगाळलेली काळी आणि हिवराची सावली हाही निसर्गच आहे, आणि तो नीट बघितलेली माणसं कमी आहेत. संग्रहालयात तू फुटके, अर्धे, रंग उडालेले तुकडे बघायला शिकते आहेस. बालाघाटच्या डोंगरांतला उन्हाळा बघायला हीच तालीम लागते. म्हणून म्हणते, नोकरी नुसती पोटासाठी धरून बसली आहेस असं समजू नकोस.

अशी दुहेरी वाट धरणारे आपल्या भागात पूर्वीही झाले. १९०९ ते १९११ या काळात इंग्रज चित्रकार लेडी हेरिंगहॅम यांनी अजिंठ्याची चित्रं उतरवून घेतली. त्या कामात नंदलाल बोस आणि असितकुमार हलदार होते हे सगळे सांगतात; हैदराबादेतून गेलेले सय्यद अहमद आणि मोहम्मद फजलुद्दीन यांची नावं मात्र कुणाच्या तोंडी नसतात. मराठवाडा तेव्हा निजामाच्या राज्यात. पुढे त्या राज्याच्या पुराणवस्तू खात्यानं सय्यद अहमद यांनाच अजिंठ्याचे क्युरेटर नेमलं. ज्याच्या हाताला ती रेषा ठाऊक त्याच्याकडे लेणी सोपवायची, हा निर्णय मला आजही शहाणपणाचा वाटतो.

त्याआधीची गोष्टही तुझ्या कामाची आहे. रॉबर्ट गिल हा ब्रिटिश लष्करी अधिकारी १८४४ पासून जवळजवळ वीस वर्षं अजिंठ्याच्या नकला करत राहिला. त्यातल्या बहुतेक १८६६ साली लंडनच्या क्रिस्टल पॅलेसच्या आगीत जळाल्या. मग मुंबईच्या जे. जे. स्कूलचे जॉन ग्रिफिथ्स आणि त्यांचे विद्यार्थी १८७२ पासून पुढची तेरा वर्षं पुन्हा तेच काम करत होते, आणि त्यांच्याही बऱ्याच नकला १८८५ साली साउथ केन्सिंग्टनच्या संग्रहालयात आगीत गेल्या. त्या विद्यार्थ्यांत पेस्तनजी बोमनजी होते. ते पुढे स्वतःच्या व्यक्तिचित्रांनी ओळखले गेले, अजिंठ्याचे नकलाकार म्हणून नव्हे. नकलेत हात तयार होतो, पण नक्कल संग्रहालयाची असते. म्हणून तुझ्या वह्या दोन असू देत. संग्रहालयाच्या वहीत मोजमापाचं रेखाटन: मडक्याचा अर्धा छेद आणि अर्धं बाहेरचं रूप, शक्यतो एकास एक मापात, खाली नोंद क्रमांक. ती वही कार्यालयात राहील, तिची स्कॅन प्रत दुसऱ्या जागी. तुझी वही घरी. दोन्हींची सरमिसळ झाली की पुढे हक्काचे वाद होतात, त्याकडे येतेच.

आता आकार शिरण्याचा प्रश्न. प्रत्येक आकाराला चोरी म्हणू नकोस, पण सावध राहा. पैठणीच्या पदरावरची आसावली म्हणजे फुलवेल किंवा मुनिया म्हणजे पोपट बघ. तिथली वेल थोडी पायऱ्यापायऱ्यांनी वळते, कारण विणकर धागे मोजून एकेक रंगाचा बाणा भरतो. ती वळणं मागानं दिलेली आहेत. तीच वेल तू कागदावर जशीच्या तशी उतरवलीस, तर मागाची अडचण घेतलीस आणि माग मागेच राहिला. धाराशिव जिल्ह्यातल्या तेरच्या मातीच्या मूर्तींचंही तसंच. त्यांतल्या कित्येक पुढच्या-मागच्या अशा दोन साच्यांत घडवलेल्या आहेत, त्यांच्या चेहऱ्याचा गोलवा साच्यातून सुटून येण्यासाठी आहे. तेव्हा वस्तूपाशी बसून आधी एवढंच विचार: हा आकार असा का झाला? उत्तर सापडलं की तुझ्या स्वतःच्या साधनानं, मातीच्या रंगानं, पानाच्या ठशानं, जो आकार होईल तो वेगळाच निघतो. संग्रहालयात रेखाटलेली वस्तू त्याच आठवड्यात घरच्या चित्रात येऊ द्यायची नाही, हा माझा साधा नियम आहे. मधे काही महिने गेले की उसनं आपोआप गळून पडतं.

याच्या उलट देणंही असतं. झाडं ओळखणारी नजर पुराणवस्तूंच्या जगात दुर्मिळ आहे. अजिंठ्याच्या छतावरचं एक फळ जुन्या अभ्यासकांना सीताफळ वाटलं. आता सीताफळ मूळचं अमेरिकेतलं, मग पाचव्या शतकात ते वाघूर नदीच्या काठी कुठून आलं, यावर वाद झाले. अशा वेळी फळाचे डोळे, देठ आणि शेजारचं पान नीट रेखाटू शकणारं माणूस उपयोगाला येतं. तुझ्याकडे वस्तूच्या नोंदीत नुसतं "फुलाची नक्षी" लिहिलेलं असेल, तिथे फूल ओळखता येत असेल तर कारणासकट लिही. ओळखता येत नसेल तर पाकळ्या मोजून तेवढंच लिही.

सामानाबद्दल जरा लांबण लावते, कारण तुझ्यासारख्या कलाकाराकडून संग्रहालयाला खरा धोका इथे आहे. तू वाळकी पानं, बाभळीच्या शेंगा, गवताचे तुरे गोळा करतेस. त्यात भुंगेरे, कसर आणि त्यांची अंडी असतात. ती झोळी खांद्याला लावून वस्तूंच्या कोठारात गेलीस, तर कापडाचं आणि पोथ्यांचं काय होईल याचा विचार कर. रानातून परस्पर कामावर यायचं नाही. यावंच लागलं तर पिशवी बाहेर, कपडे झटकून. घरी आणलेला माल चांगला वाळवून, प्लॅस्टिकच्या पिशवीत हवाबंद करून, उणे १८ ते २० अंशांच्या डीप फ्रीझरमध्ये दोन आठवडे ठेव. बाहेर काढल्यावर पिशवी दिवसभर तशीच बंद राहू दे, नाहीतर थंड मालावर दव धरतं आणि बुरशी येते. हा उपाय तुझ्या पाना-शेंगांसाठी आहे. संग्रहालयाच्या वस्तूंवर, विशेषतः हस्तिदंत आणि रंगवलेल्या लाकडावर, मनानं करून बघू नकोस. पिसं, घरटी आणि अंडी यांच्या वाटेला जाऊच नको, वन्यजीव संरक्षण कायदा १९७२चा आहे आणि तो कडक आहे. अभयारण्यातून तर पडलेलं पानही उचलायचं नाही.

वस्तूंजवळ फक्त पेन्सिल. शाई, पाण्याची वाटी, चहाचा कप दाराबाहेर. हे तुला सांगितलं असेलच. क्वचित कुणी सांगतं ते कूलरचं. एप्रिलमध्ये कुणीतरी प्रेमानं दालनात पाण्याचा कूलर आणून लावतं. सकाळी हवा वाळवंटासारखी, दुपारी दमट, संध्याकाळी कूलर बंद, पुन्हा कोरडी. लाकूड आणि कागद या चढ-उतारानेच फाटतात. माणसांना गारवा हवा तर कूलर कार्यालयात लावा, हे तुला ठामपणे म्हणता आलं पाहिजे. आर्द्रतामापक फार महाग नसतो, एक मागून घे आणि रोजचा आकडा लिही. साहेबांशी बोलताना आकडा हातात असलेला बरा.

रंगांच्या बाबतीत संग्रहालय तुझं सगळ्यात मोठं गुरुकुल ठरेल. कापड, कागद आणि जलरंग यांच्यासाठी उजेडाची मर्यादा साधारण ५० लक्स धरतात; लक्स हे उजेड मोजायचं माप. रोज ८ तास आणि वर्षाचे ३०० दिवस धरले तर वर्षाला १ लाख २० हजार लक्स-तास होतात. भर दुपारचं थेट ऊन साधारण १ लाख लक्सचं. म्हणजे संग्रहालय ज्या कापडाला वर्षभरात जपून जेवढा उजेड दाखवतं, तेवढा आपल्या अंगणात तासा-सव्वा तासात पडतो, वर अतिनील किरण वेगळेच. आता तुझे पळसाचे आणि हळदीचे रंग आठव. पळसाचा पिवळा-केशरी, करडईच्या फुलांचा लाल, हळद, हे तिन्ही उजेडाला टिकत नाहीत. खिडकीत काही आठवड्यांत उतरतात. टिकते ती माती: गेरू, पिवळी माती, काजळी, चुना. अजिंठ्यात दीड हजार वर्षांनंतरही दिसतात ते मुख्यतः हेच, आणि हिरवा आला तो हिरव्या मातीतून. आपल्या काळ्या पाषाणाच्या पोकळ्यांत ती हिरवट माती सापडते. निळा मात्र दुरून आलेला, लाजवर्दाचा.

म्हणून काय, पळसानं रंगवायचंच नाही? रंगव, पण विकत घेणाऱ्याला सांगून, आणि मागे लिहून. त्याआधी घरची कसोटी घे. प्रत्येक रंगाची एक पट्टी रंगव, तिचा अर्धा भाग जाड काळ्या कागदानं झाक, थेट ऊन येणाऱ्या खिडकीत उन्हाळाभर लाव. जमलं तर शेजारी ब्लू वूलची, म्हणजे रंगाचा उतार मोजायच्या निळ्या लोकरीची, पट्टी लाव, म्हणजे उतार कितीचा ते तोलता येईल. उतरणारा रंग हाच विषय असेल असं काम करायचं असेल तर गोष्ट वेगळी. मी करते असं काम. पण तिथे रंग ठरवून उतरतो, फसवून नाही.

माती काढायची पद्धत तुला माहीत असणार: कालवायची, वस्त्रगाळ करायची, निवळू द्यायची, वरचं नितळ पाणी ओतून टाकून तळाचा बारीक गाळ घ्यायचा, खलात बाभळीच्या डिंकाबरोबर घोटायचा, बुरशी येऊ नये म्हणून लवंगतेलाचा थेंब. माती कुठून घ्यायची ते मात्र नीट ऐक. मुरमाच्या खाणीतून घे, ओढ्याच्या काठातून घे, मालकाला विचारून शेताच्या काळीतून घे. पांढरीतून घेऊ नकोस. गावाशेजारच्या पांढरीच्या टेकाडाची माती मऊ, राखी, रंगाला सुंदर असते, आणि घरं लिंपायला लोक ती पिढ्यान् पिढ्या नेत आले. पण पांढर म्हणजे जुनं गाव. तेर हे जुनं तगर, पेरिप्लस या प्राचीन ग्रीक व्यापारी ग्रंथात पैठणहून पूर्वेला दहा दिवसांच्या वाटेवर सांगितलेलं मोठं शहर, ते याच पांढरीखाली आहे. टेकाड संरक्षित असेल तर माती उकरणं गुन्हा आहे. संरक्षित नसलं तरी संग्रहालयात काम करणाऱ्या माणसानं तिथे खुरपं लावायचं नसतं. पावसानंतर मणी, नाणी उघडी पडतात आणि गावातली मुलं ती तुझ्याकडे घेऊन येतील. स्वतःसाठी एकही ठेवू नकोस, विकत तर मुळीच घेऊ नकोस. पुरलेल्या धनाचा १८७८चा कायदा आहे, त्याप्रमाणे जिल्हाधिकाऱ्यांना कळवावं लागतं. तेरचं संग्रहालय रामलिंगप्पा लामतुरे यांनी जन्मभर जमवलेल्या वस्तूंवर उभं राहिलं, हे खरं. पण ते व्यापारी गृहस्थ होते, संग्रहालयाचे नोकर नव्हते. तू ज्या प्रकारच्या वस्तू सांभाळतेस त्याच प्रकारच्या घरी जमवू नयेत, हा आंतरराष्ट्रीय संग्रहालय परिषदेच्या आचारसंहितेचाही रोख आहे.

कागदपत्रांचं लवकर आटोपते. प्रतिमुद्राधिकार (कॉपीराइट) कायदा १९५७चं कलम १७ असं सांगतं, की नोकरीच्या कामाचा भाग म्हणून केलेल्या चित्रावर, वेगळा करार नसेल तर, मालकाचा हक्क. म्हणजे लेबलासाठी, माहितीपत्रकासाठी, भिंतीवरच्या नकाशासाठी तू केलेलं चित्र संग्रहालयाचं. सोमवारी पळसाखाली बसून काढलेलं तुझं. मधला प्रकार त्रासाचा: संग्रहालयातल्या वस्तूवरून, पण घरी, स्वतःसाठी केलेलं. त्यासाठी नियुक्तीपत्रात एक ओळ वाढवून मागायची किंवा निदान अर्ज देऊन लेखी परवानगी घ्यायची. सरकारी नोकरांच्या वर्तणूक नियमांत अधूनमधून केलेल्या कलेच्या कामाला जागा आहे, कामाचा खोळंबा होता कामा नये एवढी अट. कंत्राटी माणसाला मात्र त्याच्या करारात काय लिहिलंय तेच लागू. तो काढून वाच. बहुतेकांनी सहीच्या दिवशीही वाचलेला नसतो.

राहिलं साहेबांचं प्रदर्शनाचं बोलणं. हेतू चांगला आहे, पण पहिलं प्रदर्शन तिथे लावू नकोस. भिंत तुझ्या रखवालीत आणि चित्रंही तुझीच, तर कुणी खरं मत देणार नाही, आणि पुढे दुसरा स्थानिक चित्रकार दालन मागायला आला की तुझ्याकडे बोट दाखवतील. आधी छत्रपती संभाजीनगरला, नांदेडला, नाहीतर तुझ्या कला महाविद्यालयाच्या दालनात लाव. साहेबांनी फारच आग्रह धरला तर अशी सुचवणी कर: एकट्या तुझं नको, जिल्ह्यातल्या तीन-चार जणांचं एकत्र, निवड बाहेरच्या माणसानं करायची, तिकीट खिडकीवर विक्री नाही, आणि संग्रहालयातल्या ज्या वस्तूवरून चित्र सुचलं ती वस्तू त्याच्या शेजारीच मांडायची, म्हणजे काय घेतलं आणि काय सोडलं ते बघणाऱ्याला तपासता येईल. तारीख मात्र मार्चमध्ये घेऊ देऊ नकोस.